आधी व्हिसा, मग बुकिंग

जेलरोडला आमच्या वरच्या दोन खोल्या
भाड्याने असतात, दोन रात्रींपासून पुढे.
फोटोत दिसते ती खिडकी खरी आहे.
फोटोत येत नाही तो देवळालीच्या तोफांचा सराव,
दुपारी मांडणीतल्या ताटल्यांपर्यंत पोचणारा.

लोक विचारतात.
लाइपझिगची मुलगी : इगतपुरीला दहा दिवस मौनात बसायचंय,
त्याआधी तुमच्याकडे दोन रात्री. पर्यटक व्हिसा चालेल?
(गप्प बसायलाही कुठला तरी रकाना लागतोच.)
पोखऱ्याचं जोडपं : आम्हाला व्हिसा लागेल का?
नाही हो, नुसते या. ओळखपत्र तेवढं आणा.
न्यू जर्सीचे टिल्लू, नागबळीला येणारे, चिडतात :
मी पंचवटीत जन्मलो, मला कसला फॉर्म सी?
मी लिहिते, पासपोर्ट कुठला ते आधी सांगा,
मग चिडा सावकाश.

उत्तरं वहीत लिहून ठेवलीत, तीच उतरवते.
चोवीस तासांच्या आत फॉर्म. फोटो. शिक्क्याचं पान.
आणि शेवटी दर वेळी :
नियम बदलतात, वकिलातीत विचारा,
मी घरमालकीण आहे, सरकार नव्हे.

हे वाक्य लिहिताना हसू येतं थोडं.
एकतीस वर्षं मी प्रेसमध्ये होते, इथेच, भोंग्याच्या अंतरावर.
व्हिसाचे कोरे कागद मोजायचे,
ओल्या स्पंजावर बोट टेकवून, शंभराचा एक गठ्ठा.
एक कमी भरला तर अख्खी पाळी थांबायची.
सुटताना डबा उघडून दाखवायचा,
पोळीची घडीसुद्धा.
तो कागद बोटांना अजून ओळखता येतो.
कुणाच्या पुस्तकात चिकटणार, ते खातं दुसरं होतं.
माझा स्वतःचा पासपोर्ट नाही. काढायचा राहिला.

मार्चमध्ये कराचीहून निरोप आला.
रोमन अक्षरं, पण आत मराठी,
पेटीतून काढलेल्या धोतरासारखी, घड्यांसकट.
दत्ताराम जगदाळे. मुक्काम तीन रात्री.
‘मातोश्रींच्या अस्थी तीन वर्षे देवळात ठेविल्या आहेत.
नाशकास येण्याची परवानगी आम्हांस मिळेल काय?
आपले घर छावणीपासून किती लांब?
अर्जावर तिकडील कोणाची सही लागते.
आपण कराल काय?’

वहीत याचं उत्तर नव्हतं.

मुलगा फोनवर म्हणाला, आई, पेन्शन चालू आहे तुझी.
एवढंच म्हणाला.
आयुक्तालयात गेले. खिडकीतला पोरगा सभ्य होता.
मावशी, तुमचे कोण लागतात?
कोणी नाही.
मग?
तिथल्या माठातलं पाणी प्यायले आणि परत आले.

‘करते सही’ असं तीनदा लिहिलं, तीनदा पुसलं.
शेवटी गेलं ते हे :
आधी व्हिसा, मग बुकिंग. आगाऊ पैसे पाठवू नयेत.
छावणी जवळ आहे. सही मला जमणार नाही.
सगळं खरं.
वाचताना मात्र गेटवर कुणी
माझाच डबा उघडून बघतंय असं वाटलं.

दोन दिवसांनी त्यांचं उत्तर. राग नव्हता.
‘समजले. मग एवढेच कळवावे,
रामकुंडास हल्ली पाणी असते काय?’

याला कुणाची परवानगी नको होती.
शालिमारला बसमधून उतरले, पुढे चालत.
एक बाई तांब्या घासत होती.
दोन पोरं दोरीला चुंबक बांधून नाणी शोधत होती.
चपला पायरीवर काढल्या, निऱ्या मुठीत धरल्या,
उतरले,
आणि तिथूनच, एका हाताने लिहिलं :

आहे.
घोट्याच्या वर, गुडघ्याच्या खाली.
गार आहे.