स्टोनहेवनला गॅस संपतो

तेवीस दिवसांनी गॅस संपला.
निळी ज्योत दोनदा खोकली
आणि कोमट चहापाशी आम्हाला सोडून गेली.
डूगल म्हणाला, हिशेब बरोबर जमला,
उद्या बाराच्या आत गाडी परत द्यायचीय,
नवी टाकी कशाला उगाच.
फ्रीजमध्ये एक अंडं, बोटभर लोणी,
आणि उलापूलला घेतलेलं ते चीज,
ज्याच्याबद्दल आता कोणीच बोलत नाही.

बंदरात ओहोटी.
होड्या चिखलात कुशीवर झोपलेल्या,
दोरांना ओढायला काही नव्हतं.
धक्क्यावर विशार्ट नावाचे गृहस्थ
खेकड्यांच्या पिंजऱ्याचं जाळं सांधत होते.
"वरून आलात," ते म्हणाले, मान न उचलता.
वरून म्हणजे उत्तरेकडून.
आमच्या काचेवरची मेलेली चिलटं
त्यांनी आधीच वाचली असणार.

डूगलने एकतीस वर्षं पेझलीत बस चालवली.
वेळापत्रक त्याच्या मानेत बसलेलं.
डोंगरातले रस्ते मात्र एकाच गाडीपुरते,
समोरून कोणी आलं की कडेच्या खोबणीत शिरायचं,
थांबायचं,
स्टिअरिंगवरून एक बोट उचलायचं, एवढंच.
पहिल्या आठवड्यात तो चिडायचा.
दुसऱ्यात, आधी कोण थांबतं
याचीच त्याने शर्यत लावली.
तिसऱ्यात तो मेंढ्यांनाही बोट उचलून दाखवू लागला.

आणि गाडीच्या आत सात पावलांचं घर.
मला सिंकपाशी जायचं तर त्याने बसायचं.
त्याला बूट काढायचे तर मी पाय वर घ्यायचे.
"बस," मी म्हणायची. तो बसायचा.
"बस," तो म्हणायचा. मी बसायची.
दिवसातून पन्नासदा तरी.
कधी गुडघा लागायचा, कधी चहा सांडायचा,
डर्नेसला तर पावसात दोन दिवस
आम्ही एकमेकांना नुसते ओलांडत होतो.

घरी जिना आहे. चार खोल्या आहेत.
मुलं गेल्यापासून दोन-दोन वाट्याला येतात.
तिथे कोणाला वाट द्यावी लागत नाही.
मागच्या हिवाळ्यात त्याला ताप आला होता,
मला दुसऱ्या दिवशी जेवताना कळलं.

संध्याकाळी मासे आणि चिप्स.
दुकानातल्या कर्स्टीने व्हिनेगर सढळ हाताने ओतलं,
विचारलं, चॉकलेट तळून देऊ?
साठी उलटलेला माझा नवरा
शाळेतल्या पोरासारखा हो म्हणाला.
बाहेर बाकावर बसतो न बसतो तोच
एका सीगलने त्याच्या हातातली
सगळ्यात लांब चिप पळवली.
डूगलने एक बोट उचललं.
मी इतकी हसले की शेजारच्या बाईंनी
कुत्र्याला जवळ ओढून घेतलं.

साडेदहाला उजेड होता, अकराला थोडासा.
नंतर भरतीचा आवाज आला,
काहीतरी जड वस्तू कोणी हळूच सरकवावी तसा.
तोही जागा होता. मला कळत होतं,
कारण त्या पलंगावर कळतंच.

सकाळी मी गाडी झाडली.
डर्नेसची पांढरी वाळू, इथली मळकट,
मधल्या गावांची, जिची नावं विसरले,
सगळी एका सुपलीत.
पाण्याच्या टाक्या रिकाम्या केल्या,
चीजचं जे करायला हवं होतं ते केलं.
बंदरात होड्या उठून उभ्या राहिल्या होत्या.
विशार्टांची जागा मोकळी होती.

डूगल पुढच्या सीटवर, किल्ली हातात.
पावणेनऊ झाले. नऊ झाले.
एकतीस वर्षांत एकदाही उशिरा न सुटलेला माणूस
काचेवरच्या चिलटांकडे बघत होता.
"निघायचं ना?" मी विचारलं.
"बस," तो म्हणाला.

कोणालाच कोणाला ओलांडून जायचं नव्हतं.
आणि मी तर बसलेलीच होते,
मांडीवर ते एक अंडं,
त्याच्या लोकरी मोज्यात गुंडाळलेलं.