धुराडं

श्वेनवेईच्या डोंगरात
सासूबाईंचं दुखणं आधी कळलं डुकरांना.
हाक रोजचीच, पण घोगरी;
मान वर करून बघत राहिली, जवळ येईनात.

मग अंगुस्तान बसेना.
बोटांची टोकं फुगलेली, नखं गोल.
खोकला होताच, तो काय, घरचाच.

चिठ्ठीवर नाव: तिंग शुइश्यान, एकसष्ट.
डॉक्टरनं विचारलं, "किती ओढता?"
त्या हसल्या.
बांबूची नळी सासऱ्यांची.
यांनी जन्मभर ओढली
ती चुलीपुढची हवा,
दगडी कोळशाची,
थंडीत खिडकी लावून.

आता रोज सातला एक गोळी.
उजव्या फुप्फुसातला डाग
आहे तेवढाच, म्हणतात.

विटा वाहून मी धुराडं बांधलं.
परवा अंगणातून
बराच वेळ वर बघत होत्या.
"एवढा होता?" म्हणाल्या.