चांदणी

स्क्वॉट्सच्या दुसऱ्या दिवशी
प्लॉवदिवमधले सगळे जिने उंच होतात.
कठड्याला धरून, खेकड्यासारखी आडवी उतरत
मी डबा आणून झाप्र्यानच्या टेबलावर ठेवते.
बेकरीतला अख्ख्या आठवड्याचा पगार.

झाप्र्यान चष्म्यावर भिंग धरतो.
गुडघ्यांपाठोपाठ नजरही गेली त्याची,
संशय तेवढा शाबूत.

'बहात्तर तासांचं दुखणं एका रात्रीत!'
आणि शेजारी एक बारीक चांदणी.
तिचा माग काढत तो डब्याच्या तळाशी पोचतो,
मुंगीच्या पायांएवढ्या अक्षरांत:
नऊ जण, दोन आठवडे.
"नऊ? माझ्या लग्नात वाजंत्रीच नऊ होते."

मग फोटोतला माणूस.
आधी ढेरपोट्या, नंतर कातीव.
"हनुवटी बघ, इव्हेलिना."
दाढी करताना कापलेलं,
दोन्हीकडे तोच ओरखडा,
तेवढाच ओला.

'खास मिश्रण' म्हणे.
कशात काय किती, ते लिहायला जागा उरली नसावी.

एका ओळीवर मात्र तो थांबतो,
मान आडवी हलवतो (इथला होकार आडवाच असतो):
"हे दूध. वाळवलेलं. एवढं खरं.
पी की.
पण आधी सांग, झोपतेस किती?"

पहाटे तीनला कणीक तिंबणारी मी
भिंतीवरच्या जुन्या पदकांकडे बघत बसते.

महिन्याभरात डबा संपला.
आईने त्यात टोमॅटो लावला,
'स्फोटक वाढ' रस्त्याच्या बाजूला करून.
पाणी घालायला वाकले की
मांड्या बोंब मारतात.
मारू देत.
आज रविवार, बेकरी बंद.
मी परत गादीवर.