साकव

तहसीलदारांनी टेबलावर नकाशा पसरला,
त्याचा समुद्राकडचा कोपरा वाऱ्यानं उचलत होता,
त्यावर चहाची बशी ठेवली.
'मिरवणूक इथून जाते?'
'पिढ्यानपिढ्या, सायबानु,' पास्कू घोंसालविस म्हणाला.
'आमच्या सायंप्रार्थनेच्या वेळी,' शांतवन उजागरे म्हणाले,
'आमच्या भिंतीला लागून, बँड लावून, मूर्ती घेऊन.'
मूर्ती हा शब्द त्यांनी असा उच्चारला
की पास्कूच्या हातातला कप वाजला.

मी मागच्या बाकावर, इतिवृत्त लिहायला.
ग्रामपंचायतीची कारकून, आणि दोन्हीकडची थोडी थोडी.
बाप इनास, सायबिणीच्या मखराचा उजवा खांदा.
आई दयावंती, मिशन दवाखान्यातली नर्स, घाटावरून आलेली.
आमच्या घरात भिंतीला दोन खिळे.
एकावर जपमाळ.
दुसऱ्यावर काही नाही.
त्या दुसऱ्याला आई 'माझा' म्हणते.

नकाशात साकव नव्हता.
विचारलं नव्हतं तरी मी सांगितलं.
साहेब, ही खाडी. इथं माडाचे दोन ओंडके टाकलेले असत.
सायबीण त्यावरून जायची, पाऊल चाचपत,
आणि तेवढ्यापुरता बँड गप्प,
कारण साकवावर क्लॅरोनेट फुंकणाऱ्याचा तोल जातो.
माझ्या जन्माच्या तीन वर्षं आधी उधाणानं साकव नेला.
तेव्हा फादर मिशनच्या फाटकाशी येऊन उभे राहिले,
म्हणाले, ह्या वर्षापुरती वाट द्या.
डॉक्टरीणबाईंनी फाटक उघडलं.
रोगी खाटांवरून उठून पडवीत आले.
कुणीतरी खांदेकऱ्यांना कोकमाचं सरबत दिलं.
ती आईच होती म्हणतात.
आई हो म्हणत नाही, नाही म्हणत नाही.

ह्या वर्षापुरती.
पुढच्या वर्षीही कुणी तरी असंच म्हणालं असेल.
त्यानंतरचं दप्तरात नाही.

गेल्या वर्षी फाटकाला कुलूप.
चावी शांतवनकाकांच्या खिशात, आणि खिशात त्यांचा हात.
बाहेर तासभर बँड वाजत राहिला,
आत गीत चढत गेलं,
दोन्ही बाजूंना देव तोच, आणि दोघांनाही तो बहिरा वाटत असावा.
दगड कुठून आला ते पंचनाम्यात नाही.
लागला म्हादू देवळीला, क्लॅरोनेटवाल्याला,
जो ह्यांचा नाही, त्यांचाही नाही, कुडाळचा.
भुवईवर पाच टाके. आईनंच घातले.
दुखतंय का, तिनं विचारलं.
'बाय,' तो म्हणाला, 'पैसे अर्धेच दिल्यानी.'

तहसीलदार चष्मा पुसत म्हणाले,
'मग साकव परत बांधा की.'
बांधलाय साहेब. सिमेंटचा. तीन वर्षं झाली.
निधीचा फलक आहे. वरून म्हशी जातात.

पंख्याचा आवाज ऐकू यायला लागला.
'सायबीण,' पास्कू हळू म्हणाला, 'म्हशींच्या वाटेन जातली?'
शांतवनकाका म्हणाले,
'कुठूनही न्या. मूर्ती ती मूर्तीच.'
मी दोन्ही वाक्यं लिहिली, मग दोन्ही खोडली.
नकाशा घडी झाला तेव्हा
समुद्रावर चहाचं एक कडं राहिलं होतं.

रात्री आई बाबांच्या खांद्याला तेल लावते.
मखराच्या लाकडानं तिथं घट्टा पडलाय, सुपारीएवढा.
ज्या भारापुढे ती कधी झुकली नाही
त्याची खूण तिच्या बोटांना पाठ आहे.
'आठ तारीख ना?' ती विचारते.
'आठ.'
'माझी रात्रपाळी आहे.'
बाबा काही बोलत नाहीत. तेलाचा वास. खाडीला भरती.

दिवा मालवायला उठले तर
दुसऱ्या खिळ्यावर चावी.
फाटकाची एक चावी रात्रपाळीकडे असते, हे गावात सगळ्यांना माहीत आहे.
पण ती आजवर आईच्या पिशवीत असायची.

मी आईकडे पाहिलं. ती कापसाची घडी घालत होती.
बाबा त्या भिंतीकडे पाठ करून झोपले,
डाव्या कुशीवर,
उजवा खांदा दुखतो म्हणून.