कडी, एकोणचाळीस वेळा

शनिवारी चार वाजता जेल रोडच्या वाचनालयात, वरच्या मजल्यावर,
मी नऊ जणांना एक जुनी कादंबरी शिकवते.
शिकवते म्हणजे फळ्यावर दोन रकाने आखते:
डावीकडे प्रतिमा, उजवीकडे आशय.
दिवा: आशा.
विहीर: मन.
बंद दार: नायिकेचा कोंडमारा.
खडू मोडतो. सगळे लिहून घेतात.

सखाहरी कोठुळे लिहून घेत नाहीत.
नोटांच्या प्रेसमध्ये एकतीस वर्षं तपासणीला होते,
करकरीत ताव उलटत,
रोज इतके, की झोपेतही बोटं चालायची,
असं त्यांची बायको सांगायची म्हणे.
आता कादंबरीचं पान ते दोन बोटांत उचलतात
आणि खिडकीकडे धरतात,
उजेडासमोर, जरा तिरकं.

"छापलेलं तर कोणालाबी दिसतं, मॅडम.
कागदाच्या अंगात जे आधीपासून असतं
ते असं धरल्याबिगर दिसत नाही."

मी हसले.
मग आठवलं, पुनरावृत्तीवरचं माझं पस्तीस पानी टिपण
याहून फार काही म्हणत नव्हतं,
फक्त तळटीपा जास्त होत्या.

त्यांनी वही पुढे केली.
बिटको चौकातली, दोनशे पानी, समासाला लाल रेघ.
कडी: पान नऊ. चौदा. चौदा, परत. एक्कावन्न.
अठ्ठ्याऐंशी...
आकडे सरळ, एकाखाली एक, खाली सही आणि तारीखसुद्धा.
"एकूण एकोणचाळीस.
आणि एकोणचाळीसच्या एकोणचाळीस वेळा, मॅडम,
कडी आतून आहे."

पंखा फिरत होता. खाली कुणीतरी स्कूटर लावत होतं.
मी नववं पान काढलं: सासरा अंगणात ओरडतोय, कडी आतून.
चौदावं: घरात चिटपाखरू नाही, भर दुपार, तरी कडी आतून.
अठ्ठ्याऐंशी मी न काढताच मिटलं,
ते मला पाठ आहे,
पाळणा रिकामा झाल्याची रात्र.

तिला कुणी कोंडलंच नव्हतं.
तीच घराला बाहेर ठेवत होती,
तासभर, अर्धा तास, जमेल तेवढं.
बावीस वर्षं कोंडून ठेवलं ते मी,
फळ्यावर, उजव्या रकान्यात,
दरसाल नव्या खडूने.

"पण दोनशे बारावर बघा," कोठुळे म्हणाले,
"ती कायमची निघून जाते ना, तिथं.
दार आहे. उंबरा आहे. वहाणासुद्धा आहेत.
कडी नाही."

"लेखक विसरला असेल," हेमांगी निमसे म्हणाली,
तिचा पेपर सोमवारी होता.

"आमच्याकडे यायचा एखादा ताव असा,
सगळं छापलेलं, एका जागी शाईच नाही.
नियम होता: बाजूला काढा, नोंद करा, नष्ट करा.
कादंबरीत काय करतात, ते तुम्ही सांगा."

मला सांगता आलं नाही.
प्रेसचा भोंगा झाला, आणि सवयीने
कोठुळ्यांनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं.
मी तळहाताने उजवा रकाना पुसला,
नीट पुसला गेला नाही,
कोंडमाऱ्यातला मारा तेवढा राहिला.
"मग परीक्षेत काय लिहू?" हेमांगी.
मी म्हटलं, दोन्ही लिही. मार्क मिळतील.

खाली, जिन्याच्या पायथ्याशी,
चपलांच्या ढिगात त्यांची एक सापडत होती, एक नाही.
वाकूनच बोलले, माझ्याकडे न बघता:

"नेहरूनगरच्या क्वार्टरात आमची मंडळीबी
दुपारची आतून कडी लावायची.
पहिल्या पाळीवरून मी यायचो, वाजवायचो.
लगेच उघडायची असं नाही.
आत काय करतेस, असं कधी विचारलं नाही मी.
जेवायला वाढ, एवढंच."

दुसरी चप्पल फळीखाली गेली होती.
मी पायाने पुढे सरकवली.