मेंटेनन्स

सोहारमध्ये लाँड्रीवरच्या दोन खोल्यांत
इद्रिस खलफे आणि मी, सहा वर्षं.
तो दाभोळचा, मी करमाळ्याचा.
खिडकीच्या काचेवर बाहेरून समुद्राचा खार,
आतून आमच्या एकुलत्या कुकरची वाफ.

घरमालक हमूदने आडनाव विचारलं नव्हतं,
भाडं कितव्या तारखेला देणार, एवढंच विचारलं.

इद्रिस सुट्टीवरून येताना लुंगीत गुंडाळून आमसुलं आणतो,
कुळथाचं पीठ,
आणि धक्क्यावरच्या भानगडी, नावानिशी.
माझ्या कपाटात वरच्या फळीवर देवाचा फोटो आहे.
दोघांचे इस्त्रीचे कपडे लावताना
तो ती फळी सोडून लावतो.
मी कधी सांगितलं नव्हतं.

एकदा पलीकडच्या इमारतीत मोठी खोली बघायला गेलो
तर दारावर कागद : फक्त केरळी कुटुंबांसाठी.
जिना उतरेपर्यंत मी शिव्या घालत होतो,
माणसाला माणूस म्हणून, वगैरे.
इद्रिस मागून हसत उतरत होता.
"तुला नवीन आहे रे," म्हणाला.
कोणाला जुनं आहे, ते मी विचारलं नाही.

पगाराचंही तसंच.
पाइपाचा तोच जोड आम्ही तपासतो, तोच तो गोरा तपासतो,
पैसे पासपोर्टाचा रंग बघून.
त्यावर आम्ही कितीतरी रात्री एकमताने चिडलो.
चिडायला फार बरं वाटायचं.

जूनमध्ये त्याच्या मिस्बाहला पुण्यात आर्किटेक्चरला प्रवेश मिळाला.
सुरमई परतत होता, पाठ माझ्याकडे.
"तुझा वाकडचा फ्लॅट रिकामाच आहे ना?
तिची आई राहील सोबत. भाडं बाजारात असेल ते."
"विचारतो सोसायटीत," मी म्हणालो.
फ्लॅट माझा, हप्ते माझे,
विचारायचं काय होतं?

चिटणीस बोंद्रेंचा निरोप मी बाथरूममध्ये ऐकला,
नळ सोडून.
"लेखी नियम नाही हो साहेब. कोण करेल असला नियम?
पण आपल्याकडे सगळे आपलेच आहेत.
तुम्ही तिकडे लांब, उद्या त्रास आम्हाला.
तुमचा मित्र चांगलाच असेल, प्रश्न तो नाही."
दीड मिनिट. आवाज अगदी मऊ,
दिवाळीच्या शुभेच्छा देतात तोच.
मी उत्तरादाखल अंगठा पाठवला,
पिवळा, गुळगुळीत,
रेषा नसलेला अंगठा.

"मेव्हण्याने परस्पर दिला रे कुणाला तरी.
आयटीतला पोरगा आहे."
त्याने तुकडा उलटला.
"बरं झालं. घर बंद ठेवू नये."

मिस्बाहला खोली मिळाली ती कोंढव्यात.
दोन बस बदलते, पहाटे निघते.
तिचे प्लॅन तो मला फोनवर मोठे करून दाखवतो :
"ही बघ, खिडकी कुठे काढली आहे पोरीने."
मी बघतो. खिडकी चांगली असते.

परवा फोन ओट्यावर राहिला होता,
मी अंघोळीला.
बाहेर आलो तर त्याने तो आणून दिला,
पालथा.
"सोसायटीचा मेसेज आहे. मेंटेनन्स थकलाय तुझा.
आणि पाणी गळतंय म्हणे खालच्यांकडे,
तुझ्या बंद घरातनं.
वर्षभर कोणी नळ बघितला नाही, तर गळायचंच."

एवढंच.
मग लसूण ठेचत बसला पिठल्यासाठी.
मी टॉवेल घेऊन तिथेच उभा,
केसांतून पाणी पायांवर,
खाली लाँड्रीचं मशीन सुकवणीवर आलेलं,
सगळी फरशी थरथरत होती.

मीठ घालायची पाळी माझी होती.
घातलं की नाही, आठवत नाही.
दोघांनीही काही न बोलता खाल्लं.