रिकाम्या ट्रकचं वजन

पहिल्यानं फोनवरच आकडा सांगितला.
घर पाहिलं नाही, जिना पाहिला नाही,
तळघरातला फ्रीझर तर नाहीच.
पाण्यात म्हैस आणि बाहेर मोल.
"सास्काटून ते हॅलिफॅक्स ना, मॅडम? होऊन जाईल."
काय होऊन जाईल ते विचारेपर्यंत
त्याचा दुसरा फोन वाजला होता.

दुसरा आला तो बुटांसकट आला,
फेब्रुवारीचा बर्फ माझ्या गालिच्यावर ठेवून गेला.
कागदावर कंपनीचं नाव एक,
बाहेर उभ्या गाडीवर दुसरं,
आणि रंग उडाला होता तिथून डोकावणारं तिसरं.
निम्मे पैसे आज, रोख.
पावती मागितली तर म्हणाला,
"विश्वास नाही का माझ्यावर?"
नाही, बाळा.
ज्याच्यावर असतो त्याला विचारावं लागत नाही.

मुलगी रोज रात्री हॅलिफॅक्सहून ओरडते,
आई, स्वस्तातला घे कुणीतरी,
आहे काय एवढं त्या घरात?
आहे काय.
सासूबाईंचा माग, सुटा करून चादरीत बांधलेला.
बीटच्या लोणच्याच्या रिकाम्या बरण्या, एकसष्ट.
मेत्रोचं अकॉर्डियन.
आणि निवृत्तीला मिळालेलं पाच किलोचं पितळी वजन,
दार आपटू नये म्हणून दाराशी लावते ते.

तेवीस वर्षं धान्याच्या कोठारावर
वजनकाट्याच्या खिडकीत बसले मी.
भरलेला ट्रक, रिकामा ट्रक, वजाबाकी, सही.
फसवायचं कुठं असतं मला विचारा.
भरल्यात नाही, तिथं सगळे डोळ्यांत तेल घालून बघतात.
रिकाम्यात.
त्र्याऐंशीच्या सप्टेंबरात साहेबानं भुवई उचलली
आणि पीटर फ्रीझनच्या रिकाम्या ट्रकला
मी चाळीस किलो जास्त लिहिले.
तेवढा त्याचा गहू हवेत गेला.
त्यानं टोपीला हात लावून माझे आभार मानले.
हे मी मेत्रोलासुद्धा सांगितलं नव्हतं.

तिसरा, लायल ओकेमासिस,
बॅटलफर्डच्या बाजूचा, क्री माणूस.
बूट दाराशी काढले. डाव्या मोज्याला भोक.
प्रत्येक कपाट उघडायच्या आधी "उघडू?"
तळघरात उतरला, फ्रीझरला मिठी मारून रुंदी घेतली,
अकॉर्डियनपाशी मात्र थांबला.
"हे ट्रकमध्ये नको. थंडीत आतलं मेण तडकतं.
तुमच्याबरोबर न्या."
किती दिवस लागतील?
"दहा ते एकवीस.
याहून नेमकं सांगितलं तर खोटं बोलेन."
त्याचा आकडा तिघांत सगळ्यात मोठा.

मी म्हटलं, रिकामा ट्रक माझ्यासमोर तोलशील?
तो म्हणाला, चला, बसा.

हायवेवरच्या काट्यावर तो उतरला.
मी मुद्दाम बसून राहिले.
रिकाम्यात माझे अडुसष्ट किलो,
म्हणजे बिलात तेवढे कमी.
त्यानं चिठ्ठी पाहिली, काचेतून मला पाहिलं.
"आत्ता बसलात, हरकत नाही.
भरल्यावरही बसायचं."
हसला नाही. मीही नाही.

तिसऱ्या दिवशी, उणे एकतीस,
सगळं घर माझ्या पाठीमागं बांधलेलं,
त्याच सीटवर पुन्हा बसले.
मांडीवर अकॉर्डियन. रिकाम्या घरात कसं सोडणार?
काट्यानं आकडा थुंकला.
लायलनं चिठ्ठी बॉनेटवर धरली,
माझ्या मांडीकडे एकदा पाहिलं,
शाई गोठली होती, पेन तोंडात धरून ऊब दिली,
आणि अकरा वजा केले. अंदाजानं.

मी घरी तोललं होतं.
साडेदहा.

काही बोलले नाही, सही केली.
अर्धा किलो माझ्याकडे जास्त आला.
तो फ्रीझनच्या चाळिसांत मिळवला.